पत्र्याच्या प्रेस पार्टचं सिम्युलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा एमआयडीसी, शिरवळ, तासवडे, कुपवाड, मिरज इकडनं प्रेस शॉपवाल्यांचे, टूलरूमवाल्यांचे आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरापोरींचे तेच तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढले. जिथं दोन प्रश्नांचं उत्तर एकमेकांत अडकलंय तिथं नंबर दिलाय, तो बघा. माझं म्हणणं सगळीकडे एकच आहे, ते आधीच सांगतो: डायचं (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचं) स्टील कापायच्या आधी सिम्युलेशन करा, त्यात तुमच्या पत्र्याचे, तुमच्या तेलाचे, तुमच्या प्रेसचे आकडे घाला, आणि ट्रायलला जे मोजाल ते सिम्युलेशनशी ताडून बघा. यातलं एक जरी सुटलं तरी बाकीच्याचा उपयोग अर्धा होतो.

१. फॉर्मिंग सिम्युलेशन म्हणजे नक्की काय करतात? कॅडमधलं मॉडेल फिरवून दाखवतात तेच का?

नाही. कॅडमधलं मॉडेल फक्त आकार सांगतं, तो आकार घेताना पत्र्याचं काय होणार ते त्यात नसतं. सिम्युलेशनमध्ये पत्र्याचे हजारो छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला पत्र्याचा स्वभाव देतात, म्हणजे किती ताणावर तो कायमचा वाकायला लागतो, वाकल्यावर किती कडक होत जातो, रोलिंगच्या दिशेत आणि आडव्या दिशेत किती फरक आहे वगैरे. मग पंच (पत्रा डायमध्ये ढकलणारा भाग), डाय, ब्लँक होल्डर (ब्लँक म्हणजे कापलेला सपाट पत्रा, तो कडेनं धरणारा भाग) प्रेससारखे हलवतात आणि कॉम्प्युटर प्रत्येक पावलाला ताण आणि जाडी काढत जातो. शेवटी हातात येतं ते असं: जाडी कुठं किती कमी झाली, कुठं फाटायच्या जवळ गेला, कुठं सुरकुती आली, कडेनं किती मिमी आत ओढला गेला, किती टन लागले, आणि डाय उघडल्यावर पार्ट किती उघडला, म्हणजे स्प्रिंगबॅक.

२. आमचे मिस्त्री तीस वर्षं डाय बनवतायत, सिम्युलेशनशिवाय सगळं चाललंय की. मग हा खर्च कशाला?

मिस्त्रींचा हात बसलाय तो ईडीडी (एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग) सारख्या मऊ पत्र्यावर, आणि तिथं त्यांचा अंदाज खरोखर पक्का असतो, मी स्वतः बघतो. पण आता पुण्या-चाकणच्या ग्राहकांकडनं ड्रॉइंग येतात ती हाय टेन्साइलची, डीपी (ड्युअल फेज) ५९० वगैरे, जाडी कमी आणि ताकद जास्त. तिथं तोच रेडियस, तोच बीड (पत्रा सरकताना अडवणारा उंचवटा), तीच क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) चालत नाही, आणि पार्ट फाटला नाही तरी स्प्रिंगबॅकनं गेजमध्ये बसत नाही. डायचं डी२ टूल स्टील हार्डन झाल्यावर तिथं वेल्ड भरा, परत घासा, परत पॉलिश करा, परत ट्रायल, यात जो वेळ आणि पैसा जातो तो सिम्युलेशनच्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा जास्तच असतो. आणि मिस्त्रींना बाजूला सारायचं नाहीच आहे. सगळ्यात चांगलं काम होतं तिथं, जिथं मिस्त्री स्क्रीनजवळ बसून सांगतात की इथं पत्रा अडकणार, आणि इंजिनीअर तिथंच मेश (छोट्या तुकड्यांची जाळी) बारीक करून बघतो.

३. सगळे डिफेक्ट पकडतं का?

नाही. क्रॅक, जास्त पातळ होणं, सुरकुत्या, स्प्रिंगबॅक, कपच्या कडेला येणारे कान, पॅनेलला पुरेसा ताण न मिळाल्यानं येणारा ढिलेपणा, हे चांगलं पकडतं. स्किड लाइन आणि हिट लाइन म्हणजे रेडियसवरनं पत्रा सरकल्याच्या खुणा, त्या कुठवर जातील हे बऱ्यापैकी दाखवतं.

कापलेल्या कडेवर उठणारी काटेरी कोर म्हणजे बर, डायवर पत्रा चिकटून पडणारे ओरखडे, कॉइलवरचे जुने डाग, ब्लँकखाली अडकलेला कचरा, नीट न झालेलं स्पॉटिंग (डायचे भाग सगळीकडे सारखे टेकवून घेणं), यातलं काही दाखवत नाही. जुन्या पडून राहिलेल्या पत्र्यावर येणारे स्ट्रेचर स्ट्रेनचे पट्टेही नेहमीच्या मॉडेलमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी स्किन पास (शेवटचं हलकं रोलिंग) झालेला ताजा पत्रा किंवा आयएफ (इंटरस्टिशियल फ्री) ग्रेड घ्यावा लागतो. कापलेल्या कडेच्या क्रॅकचं वेगळंच आहे, प्रश्न ११ बघा.

४. कधी करायचं, डाय डिझाइन झाल्यावर?

दोनदा करा. पहिल्यांदा कोटेशन द्यायच्या आधी, अगदी साधं, पार्ट निघतो का आणि ब्लँक केवढा लागतो एवढ्यासाठी. तेव्हा ग्राहकाला "हा रेडियस ३ऐवजी ५ करता येईल का" असं विचारायची सोय असते, ऑर्डर लागल्यावर डिझाइन बदल मागायला गेलं की महिने जातात. दुसऱ्यांदा डाय फेस (पार्टभोवतीचा डायचा पृष्ठभाग), बाइंडर (त्यातला पत्रा धरणारा भाग), बीड सगळं ठरल्यावर पूर्ण प्रोसेसचं, आणि तेही कास्टिंगची किंवा स्टीलची ऑर्डर सोडायच्या आधी. डाय बनून तयार झाली आणि फाटतंय म्हणून मग सिम्युलेशन करायला येतात त्यांचंही काम करता येतं, पण तेव्हा कारण कळलं तरी बदलायला जागा थोडी उरलेली असते.

५. वन-स्टेप आणि इन्क्रिमेंटल यात काय फरक? वन-स्टेपवर भागत नाही का?

वन-स्टेपमध्ये तयार पार्टपासनं उलटं जाऊन सपाट ब्लँक काढतात, मधला प्रवास बघतच नाहीत, म्हणून काही मिनिटांत उत्तर येतं. ब्लँकचा आकार, कॉइलवरचं नेस्टिंग, पातळ होण्याचा ढोबळ अंदाज याला ते झकास आहे. इन्क्रिमेंटलमध्ये पंच थोडा थोडा खाली जातो आणि प्रत्येक टप्प्याला डायशी संपर्क, घर्षण, बीड सगळं येतं. सुरकुत्या आणि स्प्रिंगबॅक बघायचं असेल तर इन्क्रिमेंटलच पाहिजे, वन-स्टेपचा रिपोर्ट दाखवून कुणी स्प्रिंगबॅक ओके म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

६. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? फुकटातलं काही आहे का?

ऑटोफॉर्म, पॅम-स्टॅम्प, एलएस-डायना, डायनाफॉर्म, अल्टेअरचं इन्स्पायर फॉर्म ही नावं सारखी ऐकाल. रोज डाय डिझाइन करणाऱ्याला ऑटोफॉर्मसारखं फक्त पत्र्यासाठी बनवलेलं सोपं पडतं, ज्याला मटेरियल मॉडेलच्या आत हात घालायचाय त्याला एलएस-डायना बरं. फुकटात म्हणाल तर अल्टेअरनं २०२२ मध्ये आपल्या रेडिओस सॉफ्टवेअरचा सोर्स ओपनरेडिओस म्हणून खुला केला, त्यात पत्र्याचं फॉर्मिंग करता येतं, पण डाय फेस बनवायची तयार सोय नाही, मेश आणि सेटिंग सगळं हातानं करायची तयारी लागते. वर्षाला चार-पाचच डाय होत असतील तर लायसन्स घेण्यापेक्षा बाहेरनं जॉबवर करून घ्या. मात्र रिपोर्ट वाचायला स्वतः शिका.

७. ड्रॉइंगवर नुसतं "ईडीडी" लिहिलंय. मटेरियलचा डेटा कुठनं आणू? सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला घेतला तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, शेवटच्या रनला नको. ग्रेड म्हणजे एक मोठी खिडकी असते. आयएस ५१३ या भारतीय मानकात ईडीडीला किंवा नवीन नावानं सीआर४ला यील्ड जास्तीत जास्त किती आणि इलाँगेशन कमीत कमी किती अशा हद्दी दिल्यात, म्हणजे दोन वेगळ्या मिलचा पत्रा दोन्ही पास होतो आणि प्रेसवर दोघांची वागणूक वेगळी निघते. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर यील्ड, टेन्साइल, इलाँगेशन असतं, एन आणि आर व्हॅल्यू बऱ्याचदा नसते, ती मागून घ्या.

एन व्हॅल्यू म्हणजे पत्रा ताणला की किती कडक होत जातो आणि ताण शेजारी किती पसरवतो. आर व्हॅल्यू म्हणजे ताणल्यावर तो रुंदीत जास्त आकसतो की जाडीत. आर १पेक्षा बरीच जास्त असेल तर जाडी टिकते आणि डीप ड्रॉ चांगला होतो. चांगल्या ड्रॉइंगच्या मऊ स्टीलला एन ०.२०च्या पुढं आणि आर १.५च्या पुढं मिळते.

एनचा फरक किती पडतो ते बघा. कीलर आणि ब्रेझियरचं जुनं सूत्र आहे, साध्या स्टीलला चालतं: फाटायच्या हद्दीचा सगळ्यात खालचा बिंदू टक्क्यात = (२३.३ + १४.१३ × जाडी मिमीत) × एन ÷ ०.२१. १.२ मिमी पत्रा, एन ०.२० असेल तर साधारण ३८ टक्के येतो. तोच पत्रा एन ०.१६चा आला तर ३१च्याही जरा खाली. ग्रेड तोच, जाडी तीच, पण सात टक्क्यांहून जास्त गेले, आणि तुमचा पार्ट ३३ टक्क्यांवर चालत असेल तर तो आता फाटणार.

टेस्ट करायला टेन्साइल स्ट्रिप ०, ४५ आणि ९० अंशात कापा, ओढायचं मशीन बऱ्याच इंजिनीअरिंग कॉलेजात आणि टेस्टिंग लॅबमध्ये असतं, फक्त आधी विचारून घ्या की रुंदीतला बदल मोजायची सोय आहे का, कारण त्याशिवाय आर निघत नाही. आणि स्ट्रिपची कड फाइल मारून साफ करा, शिअरिंगची बर तशीच ठेवली तर आकडे खोटे येतात.

८. तो रंगीत एफएलडी (फॉर्मिंग लिमिट डायग्राम) ग्राफ कसा वाचायचा? सर सांगतात हिरवं म्हणजे पास.

१९६० च्या दशकात कीलर आणि गुडविन यांनी पत्र्यावर छोटी वर्तुळं छापून, पार्ट काढून, वर्तुळांची लंबवर्तुळं कशी झाली ते मोजलं आणि त्यातनं ही हद्द काढली. ग्राफच्या डाव्या बाजूला ड्रॉइंग, म्हणजे एका दिशेनं ताण आणि दुसऱ्या दिशेनं आकसणं. उजव्या बाजूला दोन्ही दिशेनं ताण, घुमटासारखा. मधोमध जिथं एकाच दिशेनं ताण आणि दुसरीकडे काहीच बदल नाही तिथं हद्द सगळ्यात खाली असते, आणि खऱ्या पार्टमधल्या बऱ्याचशा क्रॅक नेमक्या तिथंच येतात, पंचच्या रेडियसवर किंवा भिंतीच्या सुरुवातीला.

हिरवं म्हणजे रेषेखाली, एवढाच अर्थ. रेषेच्या किती खाली ते बघा. साधारण १० टक्क्यांचा गाळा ठेवायची पद्धत आहे, कारण पत्रा, तेल, डायची झीज सगळं बदलत राहतं. शिवाय थिनिंग म्हणजे पातळ होणं वेगळं बघा, बरेच ग्राहक २० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालतात, म्हणजे एफएलडीवर हिरवा असलेला पार्टही ड्रॉइंगनुसार रिजेक्ट होऊ शकतो. आणि हा ग्राफ एकाच दमात सरळ ताणलेल्या पत्र्यासाठी आहे, दोन-तीन ड्रॉ असतील तर प्रश्न १४.

९. सिम्युलेशनमध्ये सगळं हिरवं होतं, प्रेसवर पहिल्याच स्ट्रोकला फाटलं. आता कुणाला धरायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि फोनवर नुसता फाटलेल्या पार्टचा फोटो येतो. फोटोवरनं काही सांगता येत नाही. आधी एकच काम करा: फ्लँज (ब्लँक होल्डरखाली धरलेला कडेचा पत्रा) कडेनं किती आत ओढली गेली ते मोजा. ब्लँक डायवर ठेवायच्या आधी कडेच्या आठ-दहा ठिकाणी खूण करा, फाटायच्या जरा आधी प्रेस थांबवून पार्ट काढा, त्याच खुणांवर मूळ कडेपासनं किती मिमी आत गेला ते लिहा, आणि सिम्युलेशनमधल्या त्याच उंचीच्या टप्प्याशी ताडा. प्रेस थांबवायचा, पण पंच तळापर्यंत गेल्यावरच्या आकड्याशी ताडू नका, तिथं सगळेच फसतात.

प्रत्यक्षात कमी ओढला गेला असेल तर पत्रा कुठंतरी जास्त धरला जातोय. मग क्रमानं बघा. ब्लँकचा साइज आणि लोकेशन रनमध्ये होतं तेच आहे का, बऱ्याचदा शिअरिंगवर चार-पाच मिमी मोठा कापलेला असतो. तेल तेच आहे का आणि दोन्ही बाजूला लागलंय का. डायचा रेडियस गेजनं मोजा, मॉडेलमध्ये ८ आणि डायवर हातानं घासून ६ झालेला असू शकतो. बीडची उंची आणि बीडचे रेडियस. ब्लँक होल्डरला निळा रंग लावून स्पॉटिंग बघा, एकाच कोपऱ्यात घट्ट लागत असेल तर सिम्युलेशनमधला सारखा पसरलेला दाब आणि तुमचा दाब यांचा संबंधच राहत नाही. मग कुशन, म्हणजे ब्लँक होल्डरला खालनं दाब देणारी सोय. आपल्याकडे बऱ्याच छोट्या शॉपमध्ये खाली युरेथेन किंवा गॅस स्प्रिंग असतात, ते दाबले की फोर्स वाढत जातो, आणि रनमध्ये मात्र पहिल्यापासनं शेवटपर्यंत एकच आकडा दिलेला असतो. स्प्रिंगच्या कॅटलॉगमधली वाढ रनमध्ये घाला, कितीतरी वेळा कोडं तिथंच सुटतं.

ओढला गेलाय तेवढाच, सगळीकडे जुळतंय, आणि तरीही फाटतंय? तर संशय पत्र्यावर. मायक्रोमीटरनं जाडी बघा, हीट नंबर (मिलमधला स्टीलचा बॅच नंबर) बघा, टेन्साइल करून घ्या, प्रश्न ७.

प्रत्यक्षात जास्त ओढला गेला आणि तरी फाटला, असं झालं तर रनमधलं घर्षण किंवा बीड चुकलंय आणि क्रॅकचं कारण स्थानिक आहे, एखादा खरखरीत रेडियस, पंच-डायची सरकलेली अलाइनमेंट, किंवा कड.

एक कळकळीची विनंती. फाटलं की लगेच ग्राइंडर घेऊन डायवर जाऊ नका. एकदा घासलेलं स्टील परत येत नाही, आणि मग सिम्युलेशन आणि डाय या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात, पुढं कशाशी ताडायचं तेच उरत नाही. घासलंच तर किती घासलं ते लिहून ठेवा आणि मॉडेल बदलून घ्या.

१०. सुरकुत्या सिम्युलेशनमध्ये दिसत नव्हत्या आणि पार्टवर आल्या. उलटंही होतं. असं का?

न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जाड मेश. सुरकुतीची लाट पाच मिमीची आणि एलिमेंट (मेशचा एक तुकडा) आठ मिमीचं असेल तर ती लाट दिसणारच नाही. दुसरं, काही रनमध्ये ब्लँक होल्डरला फोर्स न देता ठराविक गॅपवर बांधून ठेवतात, मग तो उचललाच जात नाही, खरा कुशन मात्र सुरकुती आली की उचलला जातो.

उलट्या बाजूला, रन अर्ध्यात बघितला तर भिंतीवर लाटा दिसतात ज्या पंच तळाला टेकल्यावर इस्त्री होऊन जातात. तळाच्या ३ मिमी आधीचा टप्पा बघायची सवय लावा, तिथं लाट उंच आणि टोकदार असेल तर ती दाबली जाऊन घडी पडणार, पसरट असेल तर बहुतेक जाते. भिंतीतली सुरकुती नुसता फोर्स वाढवून जात नाही, ती टॅपर भिंतीत मधे काही आधार नसल्यानं येते, तिथं बीड नाहीतर डाय फेसचा आकार बदलावा लागतो.

११. एफएलडी पास, थिनिंग पास, तरी ट्रिम केलेल्या कडेला क्रॅक जातात. हाय टेन्साइलला जास्त होतं.

बरोबर, कारण एफएलडीची हद्द ही पत्र्याच्या आतल्या भागाची आहे, कापलेल्या कडेची नाही. कापताना कडेजवळचा पट्टा आधीच कडक आणि बारीक भेगांचा झालेला असतो, आणि फ्लँजिंगला (कड वाकवताना) किंवा होल एक्स्ट्रुजनला (भोकाची कड उचलताना) तीच कड ताणली जाते. डीपी स्टीलमध्ये मऊ आणि कडक दोन्ही कण शेजारी असल्यानं ते याबाबतीत जास्त नाजूक असतं, टेन्साइलमधलं इलाँगेशन छान असूनही.

यासाठी होल एक्स्पान्शन टेस्ट आहे, आयएसओ १६६३०, त्यात पंच केलेलं भोक कोननं किती टक्के मोठं होतं ते बघतात. तो आकडा मिळाला तर सिम्युलेशनमध्ये कडेच्या ताणाला वेगळी मर्यादा लावता येते, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. शॉपवर काय करायचं? कटिंग पंच धार लावून ठेवा, क्लिअरन्स पत्र्याच्या ग्रेडप्रमाणं ठरवा, आणि जमेल तिथं बरची बाजू वाकाच्या आतल्या अंगाला ठेवा. बरची बाजू बदलून एक ट्रायल घ्या, पैसे लागत नाहीत आणि पुष्कळ कळतं.

१२. स्प्रिंगबॅकचा आकडा किती भरवशाचा? आम्ही कॉम्पेन्सेशन केलं, म्हणजे स्प्रिंगबॅक धरून डायचा आकार उलट बाजूला बदलला, आणि पार्ट दुसऱ्याच बाजूला गेला.

पत्रा डायमधनं सुटला की त्यातला लवचीक ताण मोकळा होतो, आणि तो किती ते ढोबळमानानं ताण भागिले लवचीकतेचा अंक. स्टीलचा अंक साधारण २१० गिगापास्कल. मऊ पत्रा २०० मेगापास्कलवर असेल तर ०.१ टक्क्याच्याही आत, हाय टेन्साइल ६००वर असेल तर ०.३ टक्क्याच्या जवळ, म्हणजे तिप्पट. अ‍ॅल्युमिनियमचा अंकच ७०, म्हणून तो तेवढ्याच ताणाला स्टीलच्या तिप्पट उघडतो.

हिशोब बिघडतो तो वाकून परत सरळ होणाऱ्या भिंतीत. डाय रेडियसवरनं पत्रा आधी वाकतो मग सरळ होतो, आणि उलट्या दिशेनं जाताना स्टील लवकर यील्ड होतं. साधं मॉडेल हे धरत नाही. योशिदा-उएमोरी नावाचं मॉडेल धरतं, आणि लवचीकतेचा अंक ताणल्यावर थोडा कमी होतो तेही धरतं, पण त्याला पत्रा ताणून परत दाबायची वेगळी टेस्ट लागते. १९९३ च्या न्यूमिशीट परिषदेत यू आकाराच्या चॅनेलचा बेंचमार्क ठेवला होता, तेव्हापासनं सगळे याच दुखण्यावर काम करतायत. मेशही बारीक लागतो, रेडियसवर पुरेसे एलिमेंट आणि जाडीत निदान सात इंटिग्रेशन पॉइंट, म्हणजे जिथं ताणाचा हिशोब होतो ते बिंदू.

कॉम्पेन्सेशन दुसरीकडे जाण्याची मला दिसलेली कारणं दोन. एक, पार्ट रनमध्ये जसा टेकवला आणि गेजवर जसा टेकवला ते वेगळं होतं. गेजचे क्लॅम्प आणि पॅड ज्या क्रमानं लागतात तसेच रनमध्ये द्या. दोन, प्रोसेस अजून हलत होती. एकाच सेटिंगवर काही पार्ट काढून मोजा, त्यांचाच आपसात फरक मोठा असेल तर डाय कॉम्पेन्सेट करायला घेऊ नका, आधी भिंतीला पुरेसा ताण देऊन किंवा कुशन स्थिर करून फरक कमी करा. पार्ट पीळ खात असेल तर आणखी जपून, पीळ आकड्यात थोडा चुकला तरी टोकाला मोठा दिसतो.

१३. घर्षण ०.१५ सगळेच टाकतात, मीही टाकू का?

टाका, पण तिथं थांबू नका. तेल लावलेल्या स्टीलला ०.१२ ते ०.१५ रास्त आकडा आहे, तो गॅल्वनाइज्ड पत्र्यावर, तेलाच्या जातीवर, दाबावर आणि डायच्या तापमानावर बदलतो. ०.१०, ०.१५ आणि ०.१८ असे तीन रन करा. तिन्हीत पार्ट वाचला तर निर्धास्त राहा. ०.१८ला फाटत असेल तर तुमचा पार्ट तेलावर उभा आहे, मग तेल लावायचं काम ब्रशनं मनाला येईल तसं चालणार नाही.

"सकाळी चांगला निघतो, दुपारी फाटतो" हा प्रश्नही इथंच बसतो. सलग चालवल्यावर डाय तापते, तेलाचा थर पातळ होतो, घर्षण वाढतं. ट्रायल दहा पार्टची घेऊन सही करून टाकतात, त्यात हे कधी दिसत नाही.

१४. दुसऱ्या-तिसऱ्या ड्रॉचं सिम्युलेशन वेगळं वेगळं केलं तर चालतं का?

नाही चालत. पहिल्या ड्रॉमधनं आलेली जाडी आणि कडकपणा पुढच्या स्टेजला नेलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या ड्रॉला ताजा कोरा पत्रा मिळाल्यासारखं होतं आणि सगळं खोटं सुंदर दिसतं. आणि ताणाची दिशा मधेच बदलली की नेहमीची एफएलडी रेषा जागेवर राहत नाही, कधी वर जाते कधी खाली. अशा वेळी थिनिंगवर आणि ताणावर आधारलेल्या हद्दीवर जास्त भर द्या. मधे अ‍ॅनिलिंग असेल तर जाडी पुढं न्या, कडकपणा पुसा.

१५. बीड नुसती रेषा म्हणून दिला तर?

सुरुवातीच्या रनला उत्तम, बदलायला सोपा. पण रेषेचा बीड फक्त अडवण्याचा फोर्स देतो, बीडमधनं जाताना पत्रा वाकून पातळ आणि कडक होतो ते त्यात नीट येत नाही. शेवटचा रन खऱ्या आकाराच्या बीडवर घ्या, स्प्रिंगबॅकला तर नक्कीच.

१६. १०० टनाचा प्रेस आहे, सिम्युलेशन ७० टन सांगतंय, म्हणजे पुरेल ना?

७० टन कुठल्या उंचीवर लागतायत? मेकॅनिकल प्रेसची १०० टनाची क्षमता ही तळाच्या वर काही थोड्या मिमीवरची असते, त्याच्या वर ती झपाट्यानं कमी होते. ६० मिमी खोल ड्रॉ असेल तर पंच पत्र्याला लागतो तिथं प्रेसकडे अर्धीसुद्धा ताकद नसू शकते. सिम्युलेशनमधनं फोर्स आणि उंचीचा ग्राफ काढा, प्रेसच्या मॅन्युअलमधल्या ग्राफवर ठेवा. कुशनचा फोर्सही रॅमलाच ढकलायचा असतो, तो धरायला विसरू नका.

त्याच स्ट्रोकमध्ये कटिंग असेल तर तेही: कडेची लांबी × जाडी × शिअरची ताकद. ८०० मिमी कड, २ मिमी जाडी, ६०० मेगापास्कलचा पत्रा धरला आणि शिअर त्याच्या ८० टक्के, तर ७,६८,००० न्यूटन, म्हणजे ७८ टन झाले. हाय टेन्साइल कापताना एकदम सुटल्यावर बसणारा झटका प्रेसच्या फ्रेमला जातो, म्हणून पंचला शिअर अँगल द्या.

१७. कॉइल बदलली की रिजेक्शन, परत जुनी आली की ठीक. यात सिम्युलेशन काय करणार?

एकच रन काही करणार नाही. यील्ड, एन, आर, जाडी, घर्षण, कुशन हे सगळं त्यांच्या खऱ्या हद्दीत वर-खाली करून पुष्कळ रन सोडतात, आणि कुठल्या आकड्यावर पार्ट सगळ्यात जास्त नाचतोय ते शोधतात. उत्तर एन आलं तर खरेदीच्या ऑर्डरवर एनची किमान मर्यादा लिहा, पत्रा देणारा कुरकुर करेल, पण रिजेक्शनचा हिशोब त्याच्यासमोर ठेवा. उत्तर कुशन आलं तर पत्र्यावाल्याशी भांडून उपयोग नाही. प्रत्येक हीटचा एक हातभर तुकडा तारीख टाकून रॅकवर ठेवत जा, वाद झाला की तपासायला काहीतरी हातात असतं.

१८. जॉबवर सिम्युलेशन करून घेतलं, रिपोर्टमध्ये नुसती रंगीत चित्रं आलीत. काय मागू?

मटेरियल कार्डचे आकडे आणि ते कुठनं घेतले, घर्षण, ब्लँक होल्डर फोर्स, बीडचा फोर्स, मेशचा आकार, ब्लँकची आउटलाइन कॅड फाइलमध्ये, कडेची ओढ मिमीत, फोर्स-उंचीचा ग्राफ, आणि तळाआधीचे टप्पे. एवढं नसेल तर प्रश्न ९ मधलं काहीच तुम्हाला तपासता येणार नाही. पैसे द्यायच्या आधी मागा.

१९. मी मिरजेत डिप्लोमा केलाय, सिम्युलेशन शिकायचंय. सुरुवात कशावरनं करू?

गोल कपवर. सपाट तळाचा कप, ब्लँकचा व्यास पंचच्या व्यासाच्या १.६ पट, मग १.८, मग २, असं वाढवत जा, साधारण दोनच्या जरा वर गेल्यावर तळाच्या रेडियसवर फाटायला लागेल. मग आर बदला आणि ती हद्द कशी सरकते बघा, ०, ४५, ९०ची आर वेगळी द्या आणि कान कुठं येतात बघा. त्यानंतर प्रेस शॉपमध्ये जा, परवानगी घेऊन ब्लँकवर वर्तुळांची जाळी छापा आणि खऱ्या पार्टवर मोजा. कराडचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज, सांगलीचं वालचंद कॉलेज जवळच आहेत, तिथल्या मेकॅनिकलच्या सरांना भेटा, टेन्साइल टेस्ट उभं राहून एकदा तरी बघा. ज्यानं पत्रा तुटताना बघितलाय त्याचे रन वेगळेच असतात.

२०. ३०४ स्टेनलेसचा डीप ड्रॉ कप, प्रेसवरनं ओके निघाला, दुसऱ्या दिवशी रॅकवर आपोआप उभा तडकला. सिम्युलेशनमध्ये काहीच नव्हतं.

याला उशिरानं येणारी क्रॅक म्हणतात आणि ती नेहमीच्या एफएलडीत येतच नाही. अशा स्टेनलेसमध्ये ताणताना काही भाग मार्टेन्साइटमध्ये (स्टीलचं कडक रूप) बदलतो, कपच्या कडेला गोलाकार ताण अडकून राहतो, आणि पत्र्यात थोडा हायड्रोजन असला की काही तासांनी किंवा दिवसांनी कड वरनं खाली फाटते. निकेल कमी असलेल्या २०० सीरिजमध्ये हे जास्त होतं, म्हणून ३०४च्या नावाखाली दुसरंच तर आलं नाही ना ते आधी तपासून घ्या. थंडीत मार्टेन्साइट जास्त बनतो, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पाळीला तक्रार वाढली तर नवल नाही.

सिम्युलेशनमधनं एवढं करता येतं की डाय उघडल्यावर कडेला उरलेला गोलाकार ताण बघायचा, आणि ब्लँक लहान करून, ड्रॉ दोन स्टेजमध्ये विभागून किंवा कडेला हलकं आयर्निंग (भिंत दाबून जरा पातळ करणं) देऊन तो किती उतरतो ते ताडायचं. खोल कपला मधे अ‍ॅनिलिंग घ्या, आणि ड्रॉ झाल्यावर कड लवकर ट्रिम करा. पहिल्या लॉटचे काही कप निदान दोन दिवस बाजूला ठेवून, कडेवर भिंगानं नजर टाकून, मगच पुढचा लॉट सोडा.